आधी करार, मग ॲडव्हान्स: स्वाधारवर शिकणाऱ्या पोराची खोली

बारावीचे निकाल लागले की हिंगोली, वाशिम, बुलढाणा, धाराशिव अशा गावांत कॉलेजजवळच्या खोल्या भराभर उठतात. त्या घाईत बाप ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो. मग स्वाधारचा (सरकारी वसतिगृह न मिळालेल्या मुलांना जेवण-राहण्याचे पैसे देणारी सरकारी योजना) फॉर्म भरताना भाडेकरार मागतात आणि घरमालक म्हणतो, ‘करार-बिरार आपण करत नाही.’ म्हणून खोली बघायला गेल्यावर पंखा, संडास, भाडं यांच्याआधी एकच प्रश्न: करार करून द्याल का? नाही म्हणाला तर पुढची खोली. विचार करून सांगतो म्हणाला तरी पुढचीच.

कोणती योजना कुणाला, ते थोडक्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार, आदिवासींना स्वयं, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना आधार (ही योजना, आधार कार्ड नव्हे). स्वाधार ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे वसतिगृहाचा अर्ज आधी भरलेला असू द्या. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. गुणांची अट त्या वर्षीच्या सूचनेत बघा, गेल्या वर्षीच्या मुलाला विचारून चालू नका.

आता पैशांचं गणित. महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या गावी स्वाधारचे वर्षाला ४३,००० मिळतात: जेवणाला २५,०००, राहण्याला १२,०००, निर्वाहाला ६,०००. म्हणजे खोलीला महिना हजार. चौघांत ४,००० ची खोली बसते. दोघांत तीच घेतली तर वरचे हजार दर महिन्याला घरून. आणि ही रक्कम हप्त्यांनी येते, पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर. घरमालक तोवर थांबत नाही. निदान चार-पाच महिन्यांचं भाडं हाताशी नसेल तर खोली स्वस्तातलीच धरा.

करारात काय लागतं ते नीट वाचा, इथेच बहुतेक फॉर्म अडतात. चौघे राहणार असतील तर चौघांची नावं हवीत. एकाच्या नावावर करार आणि तिघे नुसते राहतात, म्हणजे तिघांकडे पुरावा शून्य. मुलगा अकरावी-बारावीत असेल, अठरा पूर्ण नसतील, तर तो करार करूच शकत नाही. वडील किंवा आई करार करणार आणि ‘प्रत्यक्ष राहणार’ म्हणून मुलाचं नाव, आधार कार्डावर आहे त्याच अक्षरांत, आत लिहिलेलं पाहिजे. कराराच्या नोंदणीला अंगठा द्यायला पालकालाच यावं लागतं, तेव्हा मजुरीचा एक दिवस आधीच धरून ठेवा. पत्त्यात घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवरून उतरवा. ‘बसस्टँडमागे’ हा पत्ता नव्हे. मुदत अकरा महिने आणि सुरुवात राहायला आल्याच्या तारखेपासून. जुलैला राहायला येऊन ऑक्टोबरचा करार केला तर मधल्या महिन्यांचं काय उत्तर देणार?

शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली की झालं, असं सांगणारे गावोगाव भेटतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (खोली ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे धमकीच्या सुरात सांगू नका, खोली जाईल. त्यापेक्षा खर्च आम्ही भरतो म्हणा. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज धरायचं: ४,००० भाडं, ८,००० डिपॉझिट, अकरा महिने, की हिशोब ११२ रुपयांच्या आसपास येतो. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी वेगळी, ती आधी ठरवा. चौघांत वाटलं तर नाश्त्यापाण्याचा खर्च. मालक बहुधा घरपट्टी वाढेल या भीतीने मागे सरतो. त्याच्याशी ती बोलणी ॲडव्हान्स देण्याआधी होतात, नंतर होत नाहीत. पुन्हा सांगतो, ॲडव्हान्स देण्याआधी.

प्रतिज्ञापत्रं लागतील: स्थानिक रहिवासी नाही, वसतिगृहात प्रवेश घेतलेला नाही, वगैरे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक माफ आहे, साध्या कागदावर करा; स्टँप विकणारा हे स्वतःहून सांगणार नाही. आधार कार्डावरचा पत्ता मात्र खोलीचा करून घेऊ नका, आपण होऊन स्थानिक ठराल. खातं आधारला नुसतं लिंक असून भागत नाही, एनपीसीआयकडे (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) त्याच खात्याचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद, हवं. मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं नंतरचं असेल तर पैसे तिकडे जातात. आधारच्या साइटवर बघा.

खोलीत बघायचं ते: नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, पत्रे असतील तर एप्रिलमध्ये दुपारी बसवतं का. सबमीटरचा युनिट दर ठरवा आणि पहिल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा, नाहीतर आधीच्या पोरांचं बिल तुमच्या गळ्यात.

भाडं यूपीआयने, ‘जुलै भाडे’ असं लिहून. रोख दिलं तर पावती. पोलीस ठाण्यासाठी फोटो आणि आधारची झेरॉक्स मालकाला द्या. स्वाधारसाठी कॉलेजातली हजेरी ७५ टक्के हवी. सोडताना रीडिंग, किल्ली, डिपॉझिट एकाच दिवशी. मुदत संपल्यावर तोंडी ‘राहा’वर राहू नका, कायद्याने दुप्पट भाडं लागू शकतं. पुढच्या वर्षी तीच खोली असली तरी करार नवा.