जुन्या एमजीबीचे केबिन आणि डिकीचे दिवे: बिघाड कसा शोधायचा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा आतला दिवा लागेनासा झाला की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज बदलतात आणि तरीही दिवा लागला नाही की फ्यूज बॉक्सपासून नवी तार ओढतात. या तिसऱ्या पायरीची गरज क्वचितच असते. या गाडीत दिव्यापर्यंत करंट बहुधा पोचलेला असतो, परतीची वाट मात्र गंजलेली असते. म्हणून शोध अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो त्या बाजूने सुरू केला तर निम्मा वेळ वाचतो.

ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली आणि तेवढ्या वर्षांत तिचं वायरिंग बरंच बदललं. हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, अर्थ कोणता आहे. १९६७च्या अखेरीस मार्क टू ही दुसरी आवृत्ती येईपर्यंत या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असायचं. पुढच्या मालकांनी कित्येक गाड्या उलट करून घेतल्या आहेत, तेव्हा वर्षावर विसंबू नका. सीटमागचं झाकण उघडून बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी पाहा. दुसरी गोष्ट, दिवे मूळचे आहेत की नंतर बसवलेले. उघड्या टपाच्या गाडीला दारासोबत लागणारा दिवा आणि डिकीचा दिवा १९७१च्या मॉडेलपासून मिळू लागला. त्याआधीच्या गाडीत डिकीला दिवा दिसला तर तो कुणीतरी नंतर जोडलेला आहे, आणि त्याच्या तारांचे रंग कोणतेही असू शकतात.

मूळ वायरिंगमध्ये लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे रंग पाळलेले असतात. तपकिरी तार बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय येते. जांभळी तार फ्यूजमधून निघते आणि किल्ली काढली तरी तिच्यात करंट असतो. जांभळीवर पांढरी रेघ असलेली तार दिव्यापासून दाराच्या स्विचकडे जाते. काळी म्हणजे अर्थ. चाळीस-पन्नास वर्षांत जांभळी तार फिकट होऊन तपकिरीसारखी दिसू लागते. शंका आली तर तार जोडापासून दोन-तीन सेंटिमीटर आत, जिथे ऊन आणि धूळ लागलेली नाही, तिथे पाहा.

सामान फारसं लागत नाही: डिजिटल मल्टिमीटर, होल्डरसह २१ वॅटचा एक बल्ब आणि त्याला दोन तारा, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली दोन मीटर तार, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, पेट्रोलियम जेली आणि बुलेट जोडांच्या (तारांची गोळीसारखी टोकं नळीत खुपसून केलेल्या जोडांच्या) काही नव्या नळ्या.

सर्किट कसं चालतं

जांभळ्या तारेने करंट दिव्यात येतो, बल्बमधून जातो, जांभळ्या-पांढऱ्या तारेने दाराच्या खांबातल्या स्विचला पोचतो आणि तिथून बॉडीत जातो. दार उघडलं की स्विचची दांडी बाहेर येते आणि तार बॉडीला टेकते. स्विच करंटच्या नव्हे, अर्थच्या बाजूला आहे. पुढचं सगळं यावरूनच कळतं.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला लांब तारेने जोडा. जवळच्या एखाद्या स्क्रूला लावू नका, कारण तोच गंजलेला असू शकतो. बल्ब होल्डरमध्ये ठेवूनच दिव्याची दोन्ही टोकं तपासा. दार बंद असताना दोन्ही टोकांवर सुमारे साडेबारा व्होल्ट दिसले पाहिजेत. हे पाहून अनेक जण गोंधळतात, पण परतीची वाट बंद असल्यामुळे दोन्हीकडे सारखाच दाब असणार. दार उघडलं की जांभळ्या टोकावरचं व्होल्टेज तसंच राहायला हवं आणि दुसरं टोक शून्याजवळ यायला हवं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आकडे हेच, फक्त मीटर उणे दाखवेल.

आता या आकड्यांवरून दोष ओळखणं सोपं आहे. जांभळ्या टोकावर काहीच नाही: फ्यूज किंवा जांभळी तार. जांभळ्यावर आहे, दुसऱ्या टोकावर दार बंद असतानाही शून्य आणि दिवा विझलेला: बल्ब गेलाय किंवा होल्डरच्या पट्ट्या त्याला टेकत नाहीत. दार उघडल्यावरही दोन्हीकडे साडेबारा: परतीची तार किंवा स्विच. दार उघडल्यावर दुसऱ्या टोकावर एक-दोन व्होल्ट उरतात आणि दिवा मिणमिणतो: स्विचचा अर्थ गंजलाय.

शेवटच्या प्रकारात, वाट जोडलेली असली की वाजणाऱ्या मीटरच्या बझरवर भरवसा ठेवू नका. कित्येक मीटरांचा बझर वीस-तीस ओहमलाही वाजतो, पण ६ वॅटच्या बल्बला ५ ओहमचा अडथळासुद्धा जड जातो. हा बल्ब साधारण अर्धा अँपिअर घेतो, त्यामुळे ५ ओहमवर जवळजवळ २ व्होल्ट वाया जातात आणि प्रकाश निम्म्यावर येतो. बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोजणं हीच इथे खरी तपासणी.

फ्यूज बॉक्स

तो इंजिनाच्या खोलीत उजव्या बाजूला आहे. जुन्या गाड्यांत दोन फ्यूजचा, नंतरच्या गाड्यांत चार फ्यूजचा. ज्याच्या एका टोकाला तपकिरी तार येते आणि दुसऱ्या टोकातून जांभळी निघते तो आपला फ्यूज. दोन फ्यूजच्या बॉक्सवर तो ए१–ए२ असा लिहिलेला असतो. बहुतेक गाड्यांत हॉर्नही याच फ्यूजवर आहे. हॉर्न वाजत असेल तर फ्यूज काढायचीही गरज नाही, दोष पुढे आहे.

काचेचा फ्यूज डोळ्यांना अखंड दिसला तरी त्याच्या दोन्ही टोप्यांवर, दार उघडं ठेवून, व्होल्टेज पाहा. एका टोपीवर पूर्ण आणि दुसऱ्या टोपीवर कमी असेल तर आतली तार टोपीपाशी सुटलेली आहे. टोप्यांवर ठीक पण जांभळ्या तारेच्या पत्तीवर कमी असेल तर दोष बॉक्सच्या रिबिटांत आहे. क्लिप आणि पत्ती रिबिटने जोडलेल्या असतात आणि तिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपतं. क्लिप पॉलिश पेपरने चमकवून रिबिटांचा गंज जात नाही. बॉक्स सोडवून मागच्या बाजूने क्लीनर मारा, आणि तरीही व्होल्टेज पडत असेल तर बॉक्सच बदला.

फ्यूजची क्षमता हा नेहमी चुकणारा मुद्दा. लुकासच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो वितळण्याचा आकडा आहे. सतत चालण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर आहे. दुकानात ३५चा फ्यूज मागितला की ज्याची सतत क्षमताच ३५ अँपिअर आहे असा फ्यूज हातात पडू शकतो. तो बसवला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी तार जळेल. १७/३५ असं सांगूनच घ्या.

दाराचा स्विच

दाराच्या बिजागरीच्या खांबात बसणारा हा छोटा स्विच सगळ्यात जास्त बिघडतो, कारण त्याचा अर्थ केवळ त्याच्या पत्र्यातून आणि स्क्रूमधून बॉडीला मिळतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनमध्ये तो गंजतो आणि मुंबई-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेतही गंजतो. गाडी नव्याने रंगवली असेल तर खांबावरचा रंगाचा थरही अर्थ तोडतो.

एक दार उघडल्यावर दिवा लागतो आणि दुसरं उघडल्यावर लागत नाही, असं असेल तर बाकी सगळं सोडून थेट त्या स्विचकडे जा. स्क्रू काढा, स्विच हलकेच बाहेर ओढा आणि तार सोडवण्याआधी तिला मजबूत दोरा बांधा. तार खांबात मागे सरकली की ती बाहेर काढायला डॅशबोर्डखालचं अस्तर उघडावं लागतं. मग तारेचं टोक क्लिपच्या तारेने थेट बॅटरीच्या अर्थला जोडा. दिवा लख्ख लागला तर तार चांगली, स्विच किंवा त्याची बैठक वाईट. लागला नाही तर खांब आणि दिवा यांच्यामधला बुलेट जोड शोधा. काळ्या रबरी नळीतला हा जोड उघडला की पितळेवर हिरवा थर दिसतो. बुलेट घासून नवी नळी घाला. जुनी नळी आतून साफ होत नाही आणि तिची पकडही सैल झालेली असते.

स्विच चांगला असेल तर त्याची बैठक, स्क्रूचं भोक आणि स्क्रूचं डोकं उघड्या लोखंडापर्यंत घासा, दात असलेला वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. जेली आधी नको, घट्ट केल्यावर. दार उघडं ठेवून स्विचच्या पत्र्यावर मोजा: ०.१ व्होल्टच्या आत आलं तर काम झालं.

अमेरिकेसाठी बनलेल्या सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत किल्ली राहिल्याची सूचना देणारा बझर असतो आणि त्यासाठी ड्रायव्हरच्या दाराशी जास्तीच्या तारा असतात. त्या कुठे होत्या याचा फोटो काढून मगच सोडवा.

दिवा विझतच नाही

इथेही सर्किटची रचना कामी येते. जांभळी-पांढरी तार कुठे बॉडीला घासली तर फ्यूज उडत नाही, दिवा फक्त कायमचा पेटतो. जांभळी घासली तर फ्यूज उडतो. म्हणजे लक्षणावरूनच तार ओळखता येते.

दिवा कायम पेटलेला असेल तर आधी दिव्याचं स्वतःचं बटण पाहा, मग एकेक दाराचा स्विच सोडवा. ज्याची तार काढल्यावर दिवा विझेल तो दोषी. जुन्या एमजीबीची दारं बिजागरीवर झुकतात आणि स्विचची दांडी पुरेशी दाबली जात नाही, तेव्हा स्विच बदलण्याआधी दार हाताने दाबून पाहा. दोन्ही तारा काढूनही दिवा पेटलेलाच असेल तर तार कुठेतरी चिरडली आहे. रेडिओ, स्पीकर किंवा कार्पेटचे स्क्रू जिथे नंतर मारलेत तिथून शोधायला लागा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे तार सुरक्षित. दारं बंद ठेवा, आणि एकेक जोड सोडवत, तारा हलवत जा. बल्ब विझला किंवा मंदावला की तुम्ही जागेवर पोचलात.

डिकी

डिकीत अडचण वेगळी: दिवा लागत नाही यापेक्षा तो झाकण बंद झाल्यावरही पेटलेला राहतो हे जास्त त्रासाचं, कारण ते दिसत नाही. ५ वॅटचा बल्ब ०.४२ अँपिअर घेतो. ४० अँपिअर-तासांची बॅटरी तो चार दिवसांत रिकामी करतो. आठवड्यातून एकदा निघणारी गाडी दर वेळी ढकलावी लागत असेल तर आधी इथे पाहा. फोनवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा, झाकण लावा, अर्ध्या मिनिटाने उघडून पाहा.

पेटलेला दिसला तर स्विचवर मळलेल्या कणकेचा छोटा गोळा ठेवून झाकण बंद करा. उघडल्यावर त्याची जाडी मोजा आणि स्विचची दांडी किती दाबावी लागते त्याच्याशी ताडून पाहा. नवं रबर बसवलं की ते मूळच्यापेक्षा जाड निघतं आणि झाकण दोन-तीन मिलिमीटर वर राहतं. तसं असेल तर आधी कुलपाची पकड जुळवा, स्विच वाकवू नका.

दिवा लागतच नसेल तर स्विच कोणत्या बाजूला आहे ते ठरवा, कारण डिकीचं वायरिंग अनेकांच्या हातातून गेलेलं असतं. झाकण उघडं ठेवून स्विच बोटाने दाबून धरा. दिव्याच्या दोन्ही टोकांवर बारा व्होल्ट आले तर स्विच अर्थच्या बाजूला आहे आणि वरची सगळी पद्धत लागू होते. दोन्हीकडे शून्य आलं तर, फ्यूज आणि तार ठीक असल्यास, स्विच करंटच्या बाजूला आहे आणि दिव्याला स्वतःचा अर्थ हवा. स्टेपनी, जॅक आणि पाने डिकीतच असल्याने तारा ओरबाडल्या जातात, होल्डर वाकतो. बल्बच्या टोकांना पट्ट्या घट्ट धरतात ना, हेही बघा.

नवा अर्थ देताना डिकीच्या तळात स्क्रू मारू नका. पेट्रोलची टाकी त्या पत्र्याच्या लगेच खाली आहे. आधीच असलेल्या एखाद्या बोल्टखाली रिंग घाला. टाकीजवळ काम करताना बॅटरीचं अर्थ टोक आधी काढून ठेवा. मोजमापासाठी ते जोडणं भाग असेल तर आधी डिकीत पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा.

बल्ब

हे दोन टोकांच्या टोप्यांचे नळीसारखे बल्ब आहेत. बाजारात ३१, ३६, ३८ आणि ४१ मिलिमीटरचे मिळतात आणि चुकीच्या लांबीचा बल्ब पट्ट्या ताणून बसवला की काही आठवड्यांत सैल होतो. जुना बल्ब मोजूनच घ्या. जास्त उजेडासाठी १० वॅटचा घालू नका, दार बराच वेळ उघडं राहिलं तर प्लॅस्टिकचं झाकण पिवळं पडतं आणि तडकतं. एलईडी घ्यायचा तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीसाठी दोन्ही दिशांनी चालणारा घ्या, आणि तो दारं बंद असतानाही मंद पेटताना दिसला तर एलईडीला दोष न देता दाराचे स्विच ओले आहेत का ते पाहा. ओल्या स्विचमधून झिरपणारा अगदी थोडा करंटही एलईडीला पुरतो, साध्या बल्बमध्ये तो दिसत नाही.