तारा किती जाड, किती उंच: गोव्यातल्या गिटारवाल्यांसाठी

गिटार सुरात लावा, वाजवताना धरता तशीच मांडीवर धरा आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या दांड्या) स्टीलची पट्टी टेकवा. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेची खालची कड फ्रेटच्या माथ्यापासून किती वर आहे ते बघा. हीच अ‍ॅक्शन. अकूस्टिकवर सहाव्या तारेला सुमारे २.४ मिमी आणि पहिलीला १.८ मिमी असेल तर बहुतेकांचं झकास चालतं. इलेक्ट्रिकला १.६ च्या आसपास. नायलॉनच्या क्लासिकलला मात्र ४ आणि ३ लागतातच, कारण नायलॉनची तार जास्त झुलते.

फोंड्याला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या स्वस्तातल्या अकूस्टिकवर पट्टी सर्रास साडेतीन-चार दाखवते. मग थोड्याच दिवसांत सुरू होतं, "टीचर, एफ कॉर्ड जमतच नाही, बोटं कापतात." सोबत आलेले वडील म्हणतात, होईल सवय. चार मिलिमीटरची सवय कोणालाही होत नाही. मुलगा गिटार कपाटावर टाकतो आणि फुटबॉल खेळायला जातो.

दुसऱ्या टोकाचे लोकही येतात. कुठल्या तरी वादकाचा आकडा पाठ करून आलेले असतात आणि तोच पाहिजे म्हणून बसतात. ब्लूजवाला स्टीव्ही रे वॉन १३ चा, म्हणजे जाड तारांचा सेट लावायचा, म्हणून यांनाही १३. पण वॉन गिटार अर्धा स्वर खाली लावायचा, ते कोणी सांगत नाही. अर्धा स्वर उतरवला की तारेवरचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. उलट झीझी टॉपचा बिली गिबन्स ७ च्या, केसासारख्या तारा लावतो आणि त्याचा आवाज काही बारीक येत नाही. ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी कारखान्यातल्या अपघातात गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवरचा हातच तो. त्याला हलक्या तारा शोधाव्याच लागल्या, पुढे गिटार खालच्या सुरात लावावी लागली. तिघांनीही आपापल्या हाताचं ऐकलं. तेवढंच त्यांच्याकडून घ्या, आकडे त्यांच्याकडे राहू द्या.

म्हणून "कुठला गेज चांगला?" असं, म्हणजे किती जाड तारा लावू असं, कोणी विचारलं की मी उलट विचारते: काय वाजवतोस, कुठे वाजवतोस, आणि हात दाखव बघू.

गेज

आपण '१० चा सेट' म्हणतो तेव्हा पहिली तार इंचाच्या हजार भागांतले दहा भाग, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर जाड असते. इलेक्ट्रिकवर ९ ते ४२ च्या (पहिली तार ९, सहावी ४२) सेटचा सगळा मिळून ताण ३८ किलोच्या आसपास, १० ते ४६ चा ४६ किलोच्या आसपास. अकूस्टिकवर १२ ते ५३ लावलात तर सत्तर किलोंच्या वर. एवढं वजन गिटारची पातळ टॉप रात्रंदिवस ओढून धरते, हे तारा निवडताना डोक्यात असू द्यावं.

माझा हात लहान, करंगळी तर नावालाच. अकूस्टिकवर मी ११ ते ५२ लावते आणि अ‍ॅक्शन २.२ व १.७ ठेवते. इलेक्ट्रिकवर १० ते ४६, पण माझी गिटार आखूड, पावणेपंचवीस इंची स्केलची, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीची आहे. साडेपंचवीस इंची गिटारवर त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताण सहा टक्क्यांनी वाढतो. मैत्रिणीच्या लांब गिटारवर १० चा सेट बोटांना टोचतो तो यामुळे. लांब स्केल असेल आणि बेंड, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर चढवणं, भरपूर करत असाल तर ९ वर या, त्यात कमीपणा काही नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. इथले बरेच गिटारवाले सुगम संगीताच्या कार्यक्रमात साथीला बसतात आणि तिथे सूर गायक ठरवतो. आज काळी दोन, उद्या काळी चार. आपण कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावून मोकळे होतो: काळी दोनला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे आकार, काळी चारला पहिल्यावर कॅपो आणि जीचे आकार. अ‍ॅक्शन उंच असेल तर कॅपो तार खाली दाबताना ताणतोही, आणि सूर चढतो. गिटार एकटी वाजत असेल तर खपून जातं. शेजारी हार्मोनियम असेल तर तिसऱ्या ओळीला गायिका मान वळवून बघते. साथीच्या गिटारवर अ‍ॅक्शन २.४ च्या वर जाऊच देऊ नका, कॅपो फ्रेटला चिकटून लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर तपासा. काही जण कॅपोऐवजी अख्खी गिटार एक-दोन स्वर उतरवतात. त्यांनी ११ सोडून १२ चा सेट घ्यावा, नाहीतर तारा सैल पडून फ्रेटवर खरखरतात.

मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणाऱ्यांचं गणित वेगळं. पिकअप अ‍ॅम्पला जोडलेला असतो, तेव्हा हलक्या तारा पुरतात. त्रास असतो फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून घूं होण्याचा, त्याला गिटारच्या भोकावर रबरी झाकण बसवलं की बरंचसं भागतं. पण उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि गिऱ्हाईक तर उठायला तयार नसतं. मग नुसत्या लाकडाच्या आवाजावर तास काढायचा. तिथे १२ चा सेट, जरा जाड पिक आणि किंचित चढी अ‍ॅक्शन कामाला येते, कारण जोरात वाजवलं तरी तार फ्रेटवर आपटत नाही. शॅकवाल्यांनी खाली बसवलेल्या अ‍ॅक्शनचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेटिंग कसं करायचं

क्रम मोडू नका. आधी तारा, मग नेक, मग नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बघणं, मग सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी), शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं). लोक सरळ सॅडल घासायला घेतात आणि मग गिटार माझ्या टेबलावर येते.

गेज ठरवून नव्या तारा चढवा, हाताने ओढून सैल करा, पुन्हा सुरात लावा, रात्रभर तशीच राहू द्या. सेटिंग नेहमी त्याच तारांवर आणि त्याच सुरात करायचं, ज्यात तुम्ही वाजवणार आहात.

नेकला पुढच्या बाजूला अगदी थोडा बाक लागतो, त्याला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. नेक जिथे गिटारच्या अंगाला मिळते तिथे सहावी तार बोटाने दाबा. आता तीच तार सरळपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे ते बघायचं. पाव मिलिमीटर ही फट चांगली. मोजायला गॅरेजवाले टॅपेट लावताना वापरतात ती फीलर गेजची पानं घ्या, स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतात. तीही नसतील तर १० च्या सेटमधल्या जुन्या पहिल्या तारेचा बोटभर तुकडा कापून घ्या. तो पाव मिलिमीटरच असतो. फटीत तो आडवा सरकवा. वरची तार न उचलता, हलकेच घासत गेला तर काम झालं. सैल फिरला तर बाक जास्त आहे. आत शिरेचना, तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेली आहे.

बाक ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, बदलतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक सरळ होते, उलट फिरवला की बाक वाढतो. एका वेळी आठवा हिस्सा, फार तर पाव फेरा. मग पुन्हा सूर, पुन्हा तारेचा तुकडा. अ‍ॅलन की नेमक्या मापाचीच हवी. काही गिटारना मिलिमीटरची लागते, काहींना इंचाची, आणि 'जवळपास बसते' अशा कीने आतले कोपरे झिजले की पुढचं काम महागात जातं. रॉड जोर लावूनही हलत नसेल तर थांबा आणि जाणकाराकडे न्या. क्लासिकल गिटारमध्ये बहुधा रॉडच नसतो, उगाच भोकात बॅटरी मारून शोधत बसू नका.

नटची परीक्षा सोपी आहे. एफ कॉर्ड पहिल्या फ्रेटवर धरून बघा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि तोच आकार एक घर वर धरा. एकदम सोपा वाटला तर दोष तुमच्या मनगटाचा नाही, नट उंच आहे. नटच्या खाचा कोरायला तारेच्या जाडीच्या कानशी लागतात. हे काम मी नवख्याला करू देत नाही. केसभर जास्त गेलं की उघडी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

नट ठीक असेल तर सॅडलकडे या. इलेक्ट्रिकवर बारीक स्क्रू असतात, फिरवा आणि मोजा. अकूस्टिकवर सॅडल काढून खालची कड घासावी लागते. बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून जातं: अर्धा मिलिमीटर खाली यायचं तर एक मिलिमीटर घासा. आधी पेन्सिलने रेघ मारा. काचेवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडल उभी धरून एकसारखी घासा. रेघेच्या अलीकडेच थांबा, बसवून बघा, मग पुढे जा. कड गोलाकार झाली तर तळ नीट बसत नाही, आणि खाली पिकअप असेल तर एखाद्या तारेचा आवाजच दबतो.

शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट लावून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. अकूस्टिकवर ही सोय नसते. तिथे सूर चढत असेल तर आधी तारा जुन्या झाल्यात का ते बघा.

पाऊस आणि खार

वर दिलेले आकडे कोरड्या हवेतले आहेत. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात, आणि आपल्याकडे जूनपासून हवा ऐंशी-नव्वदच्या घरात बसलेली असते. चवथीला वाजणाऱ्या घुमटाचं चामडं सैल पडतं ते सगळ्यांना कळतं, पण गिटारचं लाकूड त्याच हवेने फुगतं आणि तारा वर जातात, ते कोणाच्या लक्षात येत नाही. ब्रिजच्या मागे टॉपवर पट्टी आडवी ठेवा, दोन्ही बाजूंना फट दिसली तर पोट आलं म्हणून समजा. थोडं असतंच, पावसात वाढतं. प्लायच्या टॉपवर हा प्रकार कमी होतो, सॉलिड टॉपवर जास्त.

या दिवसांत सॅडल घासू नका. ऑगस्टमध्ये घासून खाली आणलेली गिटार डिसेंबरमध्ये, हवा कोरडी झाली की, प्रत्येक फ्रेटवर कुरकुरते. मी दोन सॅडल ठेवते: एक पावसाळी, बुटकी, दुसरी दिवाळीनंतरची. तारा बदलताना सॅडल बदलते, मूळची तशीच राहते. हाडाची कोरी सॅडल काही फार महाग नसते.

केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटं डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी वाळवाव्या लागतात, हे विसरलात तर त्या नुसत्या प्रवासी. एसीच्या खोलीत गिटार असेल तर एसी ड्राय मोडवर चालवा, पण तिथून थेट बाहेरच्या दमट हवेत उघडू नका. केस बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. आणि आई कपाटात बल्ब लावून कपडे सुकवते, त्या कपाटात गिटार ठेवू नका. बल्बच्या बाजूचा गोंद आधी सुटतो.

किनाऱ्यावर वाजवणाऱ्यांना पावसापेक्षा खार जास्त छळतो. तिसरी, दुसरी आणि पहिली या साध्या पोलादी तारा इलेक्ट्रिकवर आधी गंजतात, अकूस्टिकवर पहिल्या दोन. बोट सरकवताना खरखर लागली की सूरही खोटा व्हायला लागलेला असतो. कार्यक्रम संपल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा, फडकं तारेखालून ओढा. फॉस्फर ब्राँझच्या तारा ८०/२० ब्राँझपेक्षा इथे जास्त टिकतात, आवाज किंचित दबका असतो एवढंच. कोटिंगच्या तारा दुप्पट-तिप्पट पडतात, पण आठवड्यातून चार रात्री समुद्रावर वाजवणाऱ्याला त्याच स्वस्त. घरी वाजवणाऱ्याने तो खर्च करू नये.

जादा सेट चेनच्या पिशवीत, आत सिलिकाची पुडी टाकून ठेवा. पाकिटावर गेज आणि कुठल्या गिटारचा तो, हे ठळक लिहा. कार्यक्रमात तार तुटली की ती बहुधा दुसऱ्याच कोणाला घाईत चढवावी लागते, आणि ११ च्या गिटारवर १३ ची पहिली बसली की उरलेला कार्यक्रम बेंड न करता काढावा लागतो.