शेअर्ड एफपीजीए बोर्डवर मल्टिकोर करताय? बोर्ड नंतर, आधी क्लॉक

एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट हवं तसं पुन्हा मांडता येणारी चिप, चिप छापण्याआधी मल्टिकोर प्रोसेसरचं डिझाइन तिच्यावर चालवून बघतात. लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो की त्यासाठी बोर्ड कुठला घ्यायचा. माझं मत विचाराल तर हा प्रश्न थोडा मागे ढकला. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या रॅम्प प्रोजेक्टचं बघा, २००५ च्या सुमारास बर्कले, स्टॅनफर्ड, एमआयटी, कार्नेगी मेलन वगैरे मंडळी एफपीजीएवर मल्टिकोर चालवायला एकत्र आली, कारण सॉफ्टवेअर सिम्युलेटर मल्टिकोरसाठी रडतखडत चालायचे आणि प्रत्येकाने आपापला बोर्ड बनवत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. त्यांच्या बीईई२ बोर्डवर ५ एफपीजीए, त्यातला एक कंट्रोलला, उरलेल्या ४ मध्ये प्रत्येकी १२ मायक्रोब्लेझ (एफपीजीएवर बसवायचे छोटे कोर), असे २१ बोर्ड जोडून १००८ कोर झाले. भारीच. पण पुढे त्याच प्रोजेक्टमधल्या रॅम्प गोल्डने ६४ कोर ७५० डॉलरच्या एका बोर्डवर बसवले, कारण त्यांनी कोर ६४ वेळा मांडलेच नाहीत, एकच पाइपलाइन आळीपाळीने ६४ कोरचं काम करायची. म्हणजे महागडा बोर्ड आला की काम झालं हे डोक्यातून काढा.

आता मेन गोष्ट, जिने माझं सेमिस्टर खाल्लं. एफपीजीएवर तुमचा कोर समजा १०० मेगाहर्ट्झला चालतो, पण बोर्डवरची डीरॅम, म्हणजे मेन मेमरी, खरी आहे, ती तिच्याच स्पीडने उत्तर देणार. मेमरीला १०० नॅनोसेकंद लागले तर तुमच्या कोरला ते फक्त १० सायकल वाटतात. तुम्ही ज्या २ गिगाहर्ट्झच्या चिपचं डिझाइन करताय तिथे तेच २०० सायकल असतात! म्हणजे कॅशे मिस (हवा तो डेटा कॅशेत न सापडणं) जवळजवळ फुकट, आणि तुमचा लाडका प्रीफेचर (डेटा आधीच आणून ठेवणारा भाग) काहीच फायदा दाखवत नाही, किंवा घाणेरडं डिझाइनसुद्धा मस्त दिसतं. आकडे सुंदर येतात म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

उपाय जुनाच आहे, बोर्डचं क्लॉक आणि टार्गेटचं, म्हणजे ज्या चिपचं डिझाइन करताय तिचं, क्लॉक वेगळं ठेवायचं. प्रत्येक मॉड्यूलने टोकन (पुढे जायची परवानगी देणारा सिग्नल) आलं तरच टार्गेटची एक सायकल पुढे जायचं, नाही आलं तर तिथेच थांबायचं, आणि डीरॅमचं उत्तर आधी आलं तरी टायमिंग मॉडेलने (टार्गेटच्या सायकल मोजणाऱ्या भागाने) ते टार्गेटची २०० वी सायकल येईपर्यंत धरून ठेवायचं. हे पहिल्या दिवशीच करा, नंतर घुसवायला गेलात तर प्रत्येक इंटरफेस उघडावा लागतो. आणि टायमरही टार्गेटच्याच सायकल मोजतो ना ते बघा. सोपी टेस्ट सांगतो, लिनक्स बूट झालं की सिरियल कन्सोलवर sleep 1 (एक सेकंद थांब) ही कमांड द्या आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. वरच्या हिशोबाने प्रॉम्प्ट परत यायला निदान २० सेकंद लागले पाहिजेत. एका सेकंदात आला तर टायमर बोर्डच्या वेळेवर चाललाय, त्या दिवसाचे सगळे रिझल्ट फेकून द्या.

घाबरू नका, टोकनवालं पहिलं मॉडेल चाललं की पुढचं खरंच सोपं जातं.

इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच, स्वतःचा बनवू नका, हात जोडून सांगतो. रॅम्प गोल्डने स्पार्क व्ही८ हा तयार सेट घेतला, आपल्या पवईच्या आयआयटीच्या अजित प्रोसेसरचाही तोच, कंपायलर तयार मिळतो हो. आज रिस्क-फाइव्ह हा सगळ्यांना खुला सेट घ्या आणि मोकळे व्हा. सिनियरचं ‘चालतंय ना, मग हात लावू नको’ हे तर अजिबात ऐकू नका. गिटहबवरून दुसऱ्याच्या बोर्डची कन्स्ट्रेंट फाइल (कुठली पिन कशी वापरायची ते सांगणारी) उचलायचा शॉर्टकट तर त्याहून वाईट, पिनचं व्होल्टेज चुकलं तर बोर्ड जातो आणि गाइड तुमच्याकडे बघतात.

शेअरिंगचं म्हणाल तर एक मोठा घेण्यापेक्षा सारखे दोन छोटे घ्या, म्हणजे एरर डिझाइनची की बोर्डची ते अदलाबदल करून कळतं. चिप ठासून भरू नका, एलयूटी (एफपीजीएमधले लॉजिकचे छोटे ठोकळे) ९० टक्क्यांवर गेले की डिझाइन चिपवर बसवणारं टूल तासनतास राबतं आणि शेवटी टायमिंग फेल म्हणतं. पॉवर लांबून बंद-चालू करता येईल अशी सोय करा, नाहीतर रात्री हँग झालेल्या बोर्डसाठी वॉचमनकाकांना उठवावं लागतं. आणि चालणारी एक बिटस्ट्रीम (एफपीजीएमध्ये भरायची फाइल), तिच्या सोर्सचा गिट टॅग आणि टूलचं व्हर्जन एकाच फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरला लिहायची परमिशन एकाच माणसाला.