परिषदेसाठी कार्यशाळा आणि पोस्टरचा प्रस्ताव कसा लिहावा

मोजून झालेले आकडे हातात असतील तर पोस्टर. लोकांकडून काही करून घ्यायचं असेल तर कार्यशाळा. हे आधी ठरवा. एकच सारांश दोन्हीकडे पाठवणं फसतं, कारण परीक्षक पोस्टरमध्ये निष्कर्ष शोधतो आणि कार्यशाळेत मिनिटांचा हिशोब.

खान्देशातल्या कृषी सल्लागारांच्या रोजच्या कामातला विषय घेऊ: केळीच्या बागेत ठिबक सगळ्या झाडांना सारखं पाणी देतं का? ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून (ठिबकच्या नळीवरचं पाणी सोडणारं तोंड) ३ मिनिटांत २०० मिलि पाणी पडायला हवं. १६ ड्रिपर मोजायचे. सगळ्यांत कमी पाणी देणाऱ्या चारांच्या सरासरीला सोळांच्या सरासरीने भागून १००ने गुणलं की एकसमानतेची टक्केवारी मिळते. ९०च्या पुढे उत्तम, ७०च्या खाली दुरुस्ती हवीच.

यावर ९० मिनिटांची कार्यशाळा बसवू. ओळख आणि सूत्र १० मिनिटं, प्रात्यक्षिक १५, गटांची मोजणी ३५, आकडेमोड १५, चर्चा १५. इथेच बरेच प्रस्ताव अडखळतात: एकेक ड्रिपर मोजला तर १६ गुणिले ३, म्हणजे ४८ मिनिटं नुसती मोजणीत जातात. एका वेळी चार भांडी लावली तर चार फेऱ्यांत, १२ मिनिटांत, काम होतं. उरलेला वेळ पाणी मोजण्यात आणि भांडी हलवण्यात जाईल. तीस जणांचे सहा गट, प्रत्येकाला एक लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी. ड्रिपर ६० सेंटिमीटरवर असतील तर १० मीटरची लॅटरल पुरते. काही ड्रिपर आधीच मुद्दाम अर्धवट बुजवून ठेवा, नाहीतर सगळ्यांचं उत्तर चांगलंच येईल आणि चर्चेला काही उरणार नाही.

हे सभागृहात होणार नाही. म्हणून मोकळं अंगण, ५०० लिटरची टाकी, पंप, दाबमापक, चोवीस भांडी, सहा मोजपात्रं, असं सगळं प्रस्तावातच मागा. निवड झाल्यावर मागितलेली टाकी सहसा मिळत नाही. उद्दिष्टात ‘माहिती होईल’ असं न लिहिता ‘सहभागी एकसमानता काढतील, बुजलेला ड्रिपर शोधतील’ असं लिहा. पन्नास स्लाइडच्या भाषणाला कार्यशाळा म्हणू नये. परीक्षकाला ते लगेच कळतं.

पोस्टरसाठी हीच मोजणी खऱ्या बागांमधली हवी. २५० शब्दांची मर्यादा असेल तर पार्श्वभूमीला ४०, पद्धतीला ६०, निकालांना १०० आणि निष्कर्षाला ५० शब्द द्या. किती बागा, कोणता तालुका, कोणता महिना, मोजताना दाब किती होता, हे आलंच पाहिजे. ‘निकाल परिषदेत मांडले जातील’ या वाक्याने प्रस्ताव पडतो. नावं झाकून परीक्षण होणार असेल तर मजकुरातून संस्थेचं नाव काढाच, पण फाइलच्या गुणधर्मांतही ते राहून जातं.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली मराठी पोर्टलवर चिकटवली की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो.

पोस्टर छापताना आकार जपा. ए-शून्य म्हणजे ८४.१ गुणिले ११८.९ सेंटिमीटर. फ्लेक्सवाला फुटांत बोलतो आणि ३ बाय ४ सुचवतो. ते ९१ गुणिले १२२ होतं आणि ए-शून्यच्या बोर्डाबाहेर जातं. शीर्षक ८५ पॉइंटच्या आसपास, मजकूर २४च्या खाली नको. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे आलेले फोटो दाबलेले असतात, मोठे केले की फुटतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. दुकानात पीडीएफच द्या. तिथल्या संगणकावर फाइल उघडून दिली तर जोडाक्षरं तुटू शकतात, म्हणून पूर्ण छपाईआधी ए-चारवर एक प्रत काढून ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍य’ वाचून घ्या. फ्लेक्स घडी करू नका; घडीची रेघ नेमकी आलेखावर पडते. नळीत गुंडाळा.