स्लाऊला नव्याने येताय?

स्लाऊ हे लंडनच्या पश्चिमेचं गाव. त्याचं नाव काढलं की लंडनकर नाक मुरडतात. मुरडू देत. हे गाव वाढलंच मुळी पोटापाण्यासाठी बाहेरून आलेल्यांवर. पहिल्या महायुद्धानंतर इथे लष्करी गाड्या दुरुस्त करायचा डेपो होता, १९२० मध्ये त्या जागेची ट्रेडिंग इस्टेट, म्हणजे औद्योगिक वसाहत झाली. मंदीच्या काळात वेल्समधले बेकार खाणकामगार आले, नंतर पोलिश, कॅरिबियन, पंजाबी, पाकिस्तानी आले. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर, लिडिया सिमन्स, १९८४ मध्ये इथेच निवडून आल्या. तेव्हा 'बाहेरचे' म्हणून बिचकून राहायची इथे काही गरज नाही.

मार्सचा चॉकलेट कारखाना १९३२ पासून आहे. पण इस्टेटीत आता कारखान्यांच्या जोडीला डेटा सेंटरंही दिसतील, खिडक्या नसलेली ठोकळेबाज. आयटीवाले आपले लोक वाढले, त्यात नवल नाही.

लंडनला रोज जायचं असेल तर घर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं बघा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनची जलद गाडी वीसेक मिनिटांत पोचवते. एलिझाबेथ लाइनची लोकल रमतगमत जाते, पण पूर्व लंडनमधल्या कॅनरी वॉर्फ या ऑफिसांच्या भागापर्यंत गाडी बदलावी लागत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड या मार्गावर वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे, म्हणजे स्लाऊपर्यंत, चालत नाही. बँकेचं कार्डच टॅप करा, नाहीतर दंड ठरलेला.

आता भाड्याचं घर. एजंट कितीही गोड बोलला तरी नेहमीच्या भाड्याच्या घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट कायद्याने घेता येत नाही, आणि घेतलेलं तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. त्याचा कागद मागून घ्या. किल्ली मिळाली की सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, कपाट पुढे ओढून मागचेसुद्धा. जुन्या घरांच्या भिंती गार असतात. त्यात आपण कुकर लावणार, रेडिएटरवर कपडे वाळत घालणार आणि थंडी वाजते म्हणून खिडकी उघडणार नाही. एका हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी धरते आणि निघताना तिचं बिल तुमच्या नावावर फाडायला बघतात. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवा. (फोडणीने स्मोक अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी मात्र काढू नका. हे करणारे महाभाग आहेत!)

मुलं असतील तर इलेव्हन-प्लसची कुजबुज लवकरच कानावर येईल. ही ग्रामर शाळांची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांची, प्रवेश परीक्षा. गावात अशा चार शाळा आहेत. परीक्षा इथल्या सहावीच्या (इयर सिक्सच्या) सुरुवातीला, सप्टेंबरात होते, नावनोंदणी मात्र त्याआधीच बंद होते. पाचवीतच चौकशी करा. क्लासवाले घाबरवतील, तेवढं घाबरायचं कारण नाही.

मराठी माणसं भेटतील, पण विखुरलेली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण ते लंडनमध्ये डॉलिस हिलला. सणावारी जाणं होतं, एरवी नाही. अडीअडचणीला धावून येतात त्या शेजारच्या पंजाबी आंटीच. किराणा कुठे स्वस्त आणि कुठला बॉयलरवाला फसवत नाही, हे त्यांनाच विचारा.

जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव पहिल्याच आठवड्यात घाला, तब्येत ठणठणीत असतानाच. रात्री-अपरात्री खरंच गंभीर काही झालं तर वेक्सहॅम पार्क हॉस्पिटल आहे, पण साध्या तापासाठी तिथे गेलात तर तासन् तास बसून राहाल. त्यासाठी आधी १११ या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ला-क्रमांकाला फोन करायचा.