गेम खेळताना बंद पडणारा डेस्कटॉप : नवा सुटा भाग घेण्यापूर्वी काय तपासावे

दिवसभर टायपिंग आणि अभ्यास सुरळीत चालतो, पण गेम सुरू केल्यावर काही मिनिटांत संगणक एकाएकी बंद होतो, ही तक्रार आमच्या भागात मार्च ते जून या काळात फार ऐकू येते. साध्या कामात ग्राफिक्स कार्ड जेमतेम वीज घेते. गेममध्ये तेच कार्ड दीडशे-दोनशे वॅट मागते आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकते. म्हणून दोष बहुधा उष्णतेत किंवा विजेत असतो, आणि त्यांपैकी नेमका कशात, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. ती वाचून अनेक जण लगेच एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलतात, हे चूक आहे. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. तिची वेळ मात्र वहीत लिहून ठेवावी. आठवडाभराच्या वेळा पाहून, गावात शेतीपंपांची लाइन येते आणि डीपीवर एकदम मोटारी सुरू होतात तेव्हाच संगणक बंद पडतो असे दिसले, तर विजेचा दाब हे कारण जवळजवळ उघड होते. दाब मोजण्याचे काम सराव नसेल तर वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्यावे.

खेड्यात सर्वप्रथम संशय घ्यावा तो यूपीएसवर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, हे विकताना क्वचितच सांगितले जाते. त्यावर प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांचा भार एकत्र पडला आणि त्याच क्षणी दाब घसरून यूपीएस बॅटरीवर गेला, तर बॅटरी जुनी असल्यास तो भार सोडून देतो. परीक्षा सोपी आहे. लाइन स्थिर असताना संगणक अर्थिंग असलेल्या सॉकेटला थेट जोडून अर्धा तास तोच गेम खेळावा. बंद पडला नाही, तर संगणक उघडण्याची गरजच नाही.

तरीही बंद पडला, तर एचडब्ल्यू-इन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय सुरू करून गेम खेळावा आणि नंतर फाइलची शेवटची ओळ पाहावी. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचलेला असेल, तर दोष उष्णतेचा. चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात खोलीतली हवाच चाळिशीच्या वर असते, आणि पंखा कोणताही भाग त्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यात जिनिंगजवळच्या किंवा घरात कापूस साठवलेल्या गावांत कापसाचे बारीक तंतू हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये अक्षरशः नमद्यासारखे बसतात. वायर काढून, कॅबिनेट अंगणात नेऊन, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने ते काढावेत. पाते मोकळे सोडल्यास वेगाने फिरून पंखा बिघडू शकतो. हीटसिंकच्या चार खिळ्यांपैकी एखादा सुटलेला असणे हा दोष फार आढळतो, तोही पाहावा. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी नवी लावावी. कुलरचा दमट झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नये. खिडकी उघडी ठेवून हवा खेळती राहील असे पाहावे.

तापमान ठीक असूनही गेममधले जड दृश्य येताच क्षणात वीज तुटल्यासारखे होत असेल, तर एसएमपीएस अपुरा किंवा थकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावरच्या मोठ्या आकड्यावर विश्वास न ठेवता १२ व्होल्टच्या रांगेतील अँपिअर पाहावेत आणि त्यांना १२ने गुणावे : १८ अँपिअर म्हणजे फक्त २१६ वॅट, मग डब्यावर ४५० लिहिलेले असो. ओळखीच्या माणसाकडून चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून लावून पाहणे हीच खरी खात्री. जुना मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारा दाब उरलेला असू शकतो.

नवा येईपर्यंत गेमची फ्रेम मर्यादा सेकंदाला ६० ठेवावी आणि आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्ड नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रॅममधून कार्डाची वीजमर्यादा ७५ टक्क्यांवर आणावी. खेळात फरक थोडाच जाणवतो, भार मात्र बराच उतरतो.