एका फ्रेमची चूक

लॅपटॉप घेऊन मैदानावर उतरायची तयारी असेल, एक्सेल येत असेल, किनोव्हिया या व्हिडिओवर मोजमाप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ उघडून दोन-चार रेघा मारून झाल्या असतील, आणि खेळाडूंचं धावणं मोजायचं काम करायचं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. किनोव्हिया फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि दोन संध्याकाळींत हाताखाली येतं, त्यामुळे ते शिकवत बसत नाही. मी जिथे चुकलो आणि ज्याचा भुर्दंड एका 17 वर्षांच्या मुलीला बसला, तेवढंच नीट सांगतो.

आमच्या मैदानावर मातीचा ट्रॅक आहे, आखणी फक्कीची. ती मुलगी 100 मीटर आणि लांब उडी करायची. जिल्हा स्पर्धा पार पडली होती, विभागीय पाच आठवड्यांवर होती. ती बारावीत होती. राज्याला गेली असती तर क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळण्याची आशा होती, घरचेही त्याच आशेवर होते. मी स्टँडवर मोबाईल लावून तिच्या धावण्याचं बाजूने चित्रीकरण केलं, साध्या मोडमध्ये, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेम (स्थिर चित्रं). जिल्ह्याच्या आधीच्या व्हिडिओत तिचा पाय 4 फ्रेम जमिनीवर दिसत होता. आता 3 दिसला. गणित मांडलं: 0.133 सेकंदावरून 0.100. पंचवीस टक्के सुधारणा! धावत जाऊन आमच्या प्रशिक्षक सरांना दाखवलं. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मुलीचा पाय आता चटकन सुटतोय, तेव्हा हर्डलवरच्या उड्या वाढवायला हरकत नाही, असं आमचं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात तिची नडगी दुखायला लागली. आधी वॉर्मअपपुरती, मग जिना उतरतानाही. विभागीयला ती गेली नाही.

आता ती चूक फोडून सांगतो, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो.

सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये 33 मिलिसेकंदांचं अंतर. त्या मधल्या काळात काय झालं ते कॅमेऱ्याला दिसतच नाही. समजा तिचा पाय दोन्ही दिवशी अगदी सारखाच, 0.115 सेकंद जमिनीवर होता. 0.115 गुणिले 30 केलं तर येतात साधारण साडेतीन फ्रेम. अर्धी फ्रेम तर मोजता येत नाही. मग पाय टेकला त्या क्षणी कॅमेरा नेमका कुठे होता यावर ठरतं की तुम्हाला 3 दिसणार की 4. पाय तोच, जोर तोच, तरी एका दिवशी 0.133 आणि दुसऱ्या दिवशी 0.100. मी ज्याला सुधारणा म्हणालो ती मुलीच्या पायात नव्हतीच. शिवाय मी दोन्ही वेळा एकच पाऊल मोजलं होतं. तेव्हाच सहा-आठ पावलं मोजली असती, तर एकाच धावेत 3 आणि 4 दोन्ही आलेले दिसले असते आणि तिथेच थांबलो असतो.

तोच पाय 240 फ्रेमवर घेतला, तर 27 किंवा 28 फ्रेम येतात. एका फ्रेमची चूक झाली तरी 4 मिलिसेकंदांची. म्हणून स्लो मोशनच वापरा. पण तिथेही डोळे उघडे ठेवा. फाइल 240 ची असली तरी अनेकदा 30 च्या वेगाने वाजते, तेव्हा चित्रीकरणाचा खरा वेग किनोव्हियाला सांगावा लागतो, नाहीतर वेळ आठपट दिसते. ही चूक निदान लगेच कळते. न कळणारी वेगळीच आहे: पहाटे उजेड कमी असला की कित्येक मोबाईल आपोआप फ्रेम कमी करतात. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओ मोजमापाला कधीही घेऊ नका. मोबाईलमधली मूळ फाइल केबल लावून घ्या, कितीही कंटाळा आला तरी.

अंतराचंही असंच आहे. लांब उडीची धावपट्टी 1.22 मीटर रुंद असते. तुम्ही मोजपट्टी जवळच्या कडेला ठेवून माप दिलंत आणि मुलगी मधून पळाली, तर ती कॅमेऱ्यापासून मोजपट्टीपेक्षा 61 सेंटिमीटर दूर आहे. कॅमेरा त्या कडेपासून 6 मीटरवर असेल, तर 2 मीटरची ढांग सुमारे 1.82 दिसेल. टेप धावपट्टीच्या मधोमध टाका, चित्रीकरण करा, मग उचला. एवढंच.

वेळेबद्दल एक. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ एकाच रकान्यात घालू नका. 100 मीटरला हाताच्या वेळेत 0.24 मिळवायची पद्धत आहे. 12.6 ची मुलगी म्हणजे 12.84. सरावात हाताची वेळ, स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक, आणि हे न कळल्यामुळे स्पर्धेत मूल ‘मागे पडलं’ म्हणून रडताना मी पाहिलंय.

घाबरवतोय असं वाटेल, पण हे काम जमतं. मला जमलं, आणि माझं गणित काही फार चांगलं नव्हतं. सर्वांत उपयोगी पडलं ते सगळ्यात साधं: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने ‘आज किती जड गेलं’ ते 0 ते 10 मध्ये विचारायचं आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. 70 मिनिटं, 6 जड, म्हणजे 420. आठवड्याची बेरीज एक्सेलमध्ये. नडगीच्या त्या तीन आठवड्यांत मी हे लिहीत असतो, तर उड्या वाढवल्यावर आकडा कसा चढला ते उघड दिसलं असतं. पण विचारायचं एकेकट्याला. सर शेजारी उभे असले की प्रत्येक मूल ‘चार’ म्हणतं. आमच्याकडे एक मुलगा बुटाची नाडी सोडत, खाली मान घालून ‘चार’ म्हणाला होता. सर गेल्यावर म्हणाला, ‘दादा, आठ लिहा.’

मुलांचे व्हिडिओ घ्यायच्या आधी आईवडिलांची परवानगी घ्या. वजन आणि पाळीच्या तारखा ग्रुपवर टाकणारा माणूस या कामाला लायक नाही, यावर मी वाद घालणार नाही.

दोन महिन्यांत स्पोर्ट्स अॅनालिटिक्सचं प्रमाणपत्र देणारे कोर्स करू नका. निदान आधी तरी नको. त्यात तयार क्रिकेटच्या आकड्यांवर रंगीत आलेख काढायला शिकवतात, फक्कीवरून पळणाऱ्या पोराचा एकही आकडा स्वतः गोळा करायला लावत नाहीत. एक पूर्ण हंगाम मैदानावर उभे राहा. शरीरावर आपोआप सांगाडा काढून कोन सांगणारी अॅप्सही, शंभर पावलं हाताने मोजेपर्यंत, बाजूला ठेवा. आणि जुना प्रशिक्षक संगणकाला नाक मुरडत असेल, तर त्याच्याशी भांडू नका, त्याची वही मागा. आमच्या सरांच्या वह्यांमध्ये कोण कधी लंगडलं ते तारखेसकट आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये तसं काही नव्हतं.

ती मुलगी पुढच्या वर्षी ट्रॅकवर परतली. मी तिची माफी मागितली, सरांसमोर. आता तिचे व्हिडिओ ती स्वतः मोजते, बाण दाबत, ओठ हलवत. मी तेच व्हिडिओ वेगळे मोजतो, तिचा आकडा न बघता. दोघांत एक-दोन फ्रेमपेक्षा जास्त फरक आला, तर त्या दिवशी सरांना काहीच सांगत नाही.

तुम्ही पहिल्या रविवारी एवढंच करा: एकाच मुलाच्या, एकाच दिवशीच्या, एकाच वेगाच्या पाच धावा 240 वर घ्या आणि प्रत्येकीतली सहा पावलं मोजा. जेवढा फरक दिसेल तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्याहून लहान बदल दिसला तर कुणाला बोलू नका.